भयातून जन्मलेल्या विकारास भय हे औषध नव्हे



आपल्या त्रैमासिकाच्या पानांवर कल्पांचे अनुभव, पंचकर्मातील बारकावे, द्रव्यांची शुद्धाशुद्धता यांची चर्चा नित्य होत असते व ती व्हावयासच हवी. आज मात्र आम्ही आपले लक्ष एका निराळ्या विषयाकडे वेधू इच्छितो. त्याचा उल्लेख आपल्या चर्चासत्रांतून क्वचितच होतो. परंतु त्याचे रुग्ण आपल्या दारी येऊन बसलेले असतात, आणि बहुधा आपण त्यांना ओळखत नाही. आम्हीही ओळखले नव्हते. त्या चुकीची कबुली देऊनच आरंभ करणे आम्हांस उचित वाटते.

काही वर्षांपूर्वी पंचविशीतील एक विवाहित स्त्री सासूबाईंसमवेत आमच्या चिकित्सालयात आली. रुग्णेची ओळख पटू नये म्हणून काही तपशील आम्ही बदलले आहेत. सासूबाईंनी बसताक्षणीच सांगितले, “वैद्यसाहेब, हिच्या अंगात येतं. तास-तास हिला काही आठवत नाही. कधी लहान लेकरासारखी बोलते, कधी अशी ओरडते की घरातले पुरुषसुद्धा लांब सरतात.” आमच्याकडे येण्यापूर्वी एका देवऋषीकडे तीन अमावास्या झाल्या होत्या. मिरच्यांची धुरी देऊन झाली होती, दंडावर छडीचे वळ होते. सासूबाई दुष्ट नव्हत्या. सुनेच्या उपचारांसाठी त्यांनी स्वतःच्या पाटल्या मोडल्या होत्या. हे आम्ही मुद्दाम नोंदवितो, कारण अशा रुग्णांस होणारा त्रास नेहमी द्वेषापोटीच होतो असे नाही. पुष्कळदा तो मायेपोटी व अज्ञानापोटी होतो.

रुग्णा स्वतः फार थोडे बोलली. कपाटात न आठवणारी खरेदी सापडते, वहीत आपल्या हातचे नसलेले अक्षर दिसते, दुपारी स्वयंपाकघरात असतो आणि एकदम दिवेलागण झालेली असते, एवढेच तिने सांगितले. आम्ही नाडी पाहिली, जिव्हा पाहिली, कोष्ठ विचारला आणि वातप्रधान योषापस्मार असे निदान लिहून मोकळे झालो. सारस्वतारिष्ट, ब्राह्मीघृत, नस्य असा क्रम आठ महिने चालला. निद्रा थोडी सुधारली, अग्नी सुधारला. मूळ तक्रार जागच्या जागी राहिली. अखेर शिरोधारा योजिली. पहिल्याच दिवशी परिचारिकेने पद्धतीप्रमाणे तिच्या डोळ्यांवर कापसाच्या घड्या ठेवल्या आणि दार ओढून घेतले. क्षणार्धात ती द्रोणीवरून उठून कोपऱ्यात गेली, गुडघे पोटाशी घेऊन बसली आणि सहा-सात वर्षांच्या मुलीच्या आवाजात म्हणाली, “दार लावू नका. मी कुणाला सांगणार नाही.”

परिचारिका शहाणी होती. तिने दार सताड उघडले, दिवा लावला आणि काही न बोलता अंतर ठेवून जमिनीवर बसून राहिली. वीसेक मिनिटांनी रुग्णा भानावर आली आणि किती वाजले, हे तिने विचारले.

त्या आठ महिन्यांत आम्ही तिला मलप्रवृत्तीविषयी किमान वीस वेळा विचारले असेल; बालपणाविषयी एकदाही नाही. त्याच आठवड्यात आम्ही बस्तिक्रम आरंभिणार होतो. तो तत्काळ रद्द केला. वातविकारात बस्ती ही अर्धी चिकित्सा, हे आपण सारे शिकलो आहोत; परंतु ज्या शरीरावर बालपणी बळजबरी झाली आहे त्या शरीरास बस्तीचा अर्थ काय लागेल, हा विचार आम्हांस कोणी शिकविला नव्हता आणि आम्हीही केला नव्हता.

विकाराचे स्वरूप

या अवस्थेस आधुनिक मानसरोगशास्त्रात ‘डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर’ म्हणतात. मराठीत आपण तिला विच्छिन्न अस्मिता म्हणू. पूर्वीचे नाव बहुव्यक्तिमत्त्व विकार. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानग्रंथात १९८० साली ते स्वतंत्रपणे आले व १९९४ साली बदलले गेले. नावातील हा बदल अर्थपूर्ण आहे. एका देहात अनेक माणसे राहतात असे नसून एकाच माणसाची अस्मिता एकसंध होऊ शकली नाही, हे त्यातून सुचविले गेले.

असे का घडते? मूल जन्मतः एकसंध ‘मी’ घेऊन येत नाही. भुकेले मूल, रडणारे मूल, खेळणारे मूल या प्रथम वेगवेगळ्या अवस्था असतात. आई-वडिलांच्या वा पालनकर्त्यांच्या स्थिर मायेने त्या हळूहळू एका सूत्रात ओवल्या जातात आणि ‘हे सर्व मीच’ अशी जाणीव दृढ होते. आता कल्पना करावी, की ज्याच्या हातून घास खावयाचा त्याच हाताचे रात्री भय वाटते. प्रतिकार करण्याचे बळ नाही, पळून जावयास दुसरे घर नाही, सांगितले तर कोणी मानणार नाही. सकाळी त्याच माणसासोबत शाळेत जावयाचे आहे. अशा बालकास एकच वाट उरते आणि ती आतल्या बाजूस असते. ‘हे माझ्यावर घडत नाही, ते दुसऱ्या कोणावर तरी घडते आहे.’ जी मुलगी शाळेत जाते तिला रात्रीचे काही ठाऊक नसते; जिला ठाऊक असते ती शाळेत जात नाही. हेच वर्षानुवर्षे घडत राहिले तर त्या अवस्थांच्या मध्ये स्मृतीच्या भिंती उभ्या राहतात.

म्हणून आम्ही आग्रहाने सांगू इच्छितो, की या विकाराचे मूळ दौर्बल्यात नाही. निराधार बालकाने जगून राहण्यासाठी केलेली ती तजवीज आहे, आणि त्या वयात ती उपयोगी पडलेली असते. दुःख असे की धोका टळल्यावरही तजवीज टिकून राहते. मूल मोठे होते, विवाह होतो, घर बदलते. परंतु एखादा गंध, दाराचा आवाज, अंगावरचा अनपेक्षित स्पर्श जुनी अवस्था पुढे आणतो. घरच्यांस ते अंगात येणे वाटते.

फ्रान्समध्ये पिएर जाने यांनी १८८९ सालच्या आपल्या प्रबंधात अशा विभक्त जाणिवांचा संबंध तीव्र आघाताशी जोडला होता. फ्रँक पटनम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली शंभर रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ९७ टक्के रुग्णांनी बालपणीच्या गंभीर आघाताचा इतिहास सांगितला होता. हा विकार दुर्मीळ समजला जातो. परंतु अमेरिकेतील एका छोट्या लोकसमूहाच्या पाहणीत त्याचे प्रमाण सुमारे दीड टक्का आढळले. आपल्या देशात वर्मा, बौरी व विग यांनी बहुव्यक्तिमत्त्व आणि अंगात येणे यांची तुलना करणारा लेख १९८१ सालीच प्रसिद्ध केला होता. तेव्हा हे पाश्चात्त्यांचे खूळ, असे म्हणून विषय बाजूस सारता येणार नाही.

दोन गैरसमज येथेच दूर केलेले बरे. पहिला, हा विकार म्हणजे छिन्नमनस्कता अर्थात स्किझोफ्रेनिया नव्हे. नामसादृश्यामुळे सुशिक्षितही येथे फसतात. दुसरा, चित्रपटांनी रुजविलेला. रात्री खून करणारे दुसरे रूप पडद्यावर खपते. प्रत्यक्षात हे रुग्ण इतरांपेक्षा स्वतःसच अधिक इजा करून घेतात. बाह्यरुग्ण म्हणून उपचार घेणाऱ्या अशा रुग्णांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिकांनी कधी ना कधी आत्महत्येचा प्रयत्न केलेला असतो, असे २०१३ सालच्या निदानग्रंथात नमूद आहे. हा आकडा आपल्यापैकी प्रत्येकाने ध्यानी ठेवावा.

वादाची दुसरी बाजू

या विकाराविषयी आधुनिक मानसशास्त्रातही मतभेद आहेत व ते लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. ‘सिबिल’ या १९७३ सालच्या पुस्तकाने अमेरिकेत हा विषय घरोघरी नेला. पुढे २०११ साली डेबी नेथन यांनी त्या कथेतील निदान व उपचार यांविषयी गंभीर शंका उपस्थित करणारे पुस्तक लिहिले. १९९० च्या दशकात संमोहनाखाली व सूचक प्रश्न विचारून खोट्या स्मृती निर्माण केल्या गेल्याचे आरोप झाले, खटले चालले. यावरून हा विकारच अस्तित्वात नाही असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे. परंतु चिकित्सकाच्या प्रश्नातूनही आजार घडू वा बिघडू शकतो, हा धडा घेणे अगत्याचे आहे. ‘लहानपणी तुझ्यावर अमुक झाले का, अमक्याने केले का’ असे खोदून विचारणे सर्वथा वर्ज्य समजावे.

तसेच प्रत्येक अंगात येणे म्हणजे विकार नव्हे. जत्रेत, गोंधळात, देवीच्या आरतीच्या वेळी अंगात येते व थोड्या वेळाने ती व्यक्ती आपल्या कामास लागते. समाजमान्य धर्माचाराचा भाग असलेल्या अशा अनुभवास रोग म्हणू नये, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीतही मानले आहे. ही आवृत्ती जानेवारी २०२२ पासून अमलात आली. जेथे ते अवेळी, इच्छेविरुद्ध, स्मृतिलोपासह घडते व संसार, नोकरी, शिक्षण यांस बाध आणते, तेथे चिकित्सकाने सावध व्हावे.

आपल्या संहिता काय सांगतात

येथे आपल्या क्षेत्रातील एका मोहाचा उल्लेख करणे भाग आहे. आधुनिक शास्त्राने काही नवे सांगितले की ‘हे आमच्या ग्रंथांत आधीच आहे’ असे म्हणावयाचे व स्वस्थ बसावयाचे. आगंतु उन्मादाची देव, ऋषी, पितर, गंधर्व, यक्ष, राक्षस, पिशाच यांच्यानुसार केलेली वर्णने वाचली, की वाणी, बल, रुची, वर्तन बदललेली माणसे डोळ्यांपुढे उभी राहतात. चरकाचार्यांनी उन्माद म्हणजे मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा व आचार या आठांचा विभ्रम असे म्हटले आहे. त्यांतील बहुतेक आमच्या रुग्णेत दिसत होते. तरीही भूतोन्माद म्हणजेच विच्छिन्न अस्मिता, असे समीकरण मांडण्याचे धाडस आम्ही करणार नाही. बालपणीचा आघात हे कारण संहितांत त्या स्पष्टतेने आलेले नाही. ते मान्य केल्याने संहितांचे मोठेपण उणे होत नाही.

मात्र या रुग्णांशी कसे वागावे, याविषयी संहितांत जे आहे ते आपण पुरते वाचत नाही, ही आमची खरी तक्रार आहे.

चरकाच्या उन्मादचिकित्सिताध्यायात चाबकाने मारणे, अंधाऱ्या खोलीत कोंडणे, दात काढलेल्या सर्पाने वा शिकविलेल्या हत्तीने घाबरविणे, राजपुरुषांकरवी वधाची भीती घालणे असे उपाय आले आहेत. ते आहेत, हे नाकारू नये. देहदुःखाच्या भयाहून प्राणाचे भय मोठे, त्यामुळे सैरभैर मन स्थिरावते, अशी त्यामागची उपपत्ती. गावोगावचे साखळदंड व धुरी यांचे समर्थन करणारे याच ओळींकडे बोट दाखवितात. परंतु त्याच अध्यायात लागलीच पुढे आचार्य म्हणतात, की काम, शोक, भय, क्रोध, हर्ष, ईर्ष्या व लोभ यांपासून उत्पन्न झालेला मनोविकार परस्परविरोधी भावाने शमवावा. म्हणजे भयातून जन्मलेल्या विकारास भयाचा प्रतिद्वंद्वी भाव हेच औषध. भयाचा प्रतिद्वंद्वी म्हणजे अभय; आश्वासन, सुहृदभाव, सुरक्षितता. इतकेच नव्हे, तर देव, ऋषी, पितर व गंधर्व यांच्यामुळे झालेल्या उन्मादात तीक्ष्ण अंजनादी व क्रूर कर्मे टाळावीत, असाही स्पष्ट निषेध तेथे आहे. हेतुविपरीत चिकित्सेचा सिद्धांत ज्वरास लागू होतो आणि मनास होत नाही, असे कोण म्हणेल?

सुश्रुताचार्य उत्तरतंत्रात आणखी एक पाऊल पुढे जातात. ग्रह स्वतः मनुष्याच्या देहात प्रवेश करीत नाहीत आणि ते करतात असे मोहाने सांगणाऱ्यांस भूतविद्येच्या विषयातून दूर करावे, असे त्यांनी म्हटले आहे. त्यांच्या अनुचरांचा उपद्रव आचार्यांनी पुढे मान्य केला आहे, हे खरे. परंतु ‘अमका देव अंगात आला आहे’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्याविषयी त्या काळच्या शास्त्रकारासही शंका होती, एवढे तरी त्यावरून कळते.

शेवटचा मुद्दा प्रज्ञापराधाचा. आगंतु उन्मादाचेही मूळ कारण प्रज्ञापराध, आपल्या कर्मजन्य व्याधीसाठी देव, पितर वा राक्षसांस बोल लावू नये, असे चरकाचार्य निदानस्थानात सांगतात. या विचाराने रोगाचे कारण आकाशातून भूमीवर आणले, म्हणून तो थोर. पण सहा वर्षांच्या बालकाच्या बाबतीत त्याचा यांत्रिक उपयोग केला तर फार मोठा अन्याय होईल. येथे अपराध घडला आहे हे निश्चित; धी, धृती व स्मृती यांचा भ्रंशही झाला आहे. मात्र ज्याच्या धृतीचा भ्रंश झाला तो अत्याचार करणारा होता. त्याने टाकलेले ओझे हे मूल वाहत असते. ‘तुझ्या पूर्वकर्माचे फळ’ असे शब्द चिकित्सकाच्या मुखातून अशा रुग्णाच्या कानी कधीही पडू नयेत, असे आम्हांस निक्षून सांगावेसे वाटते.

वैद्याने काय करावे

प्रथम, अपस्मार, मेंदूतील अन्य विकृती, मद्य व मादक द्रव्ये यांमुळे स्मृतिलोप होत नाही ना, याची खात्री आवश्यक तपासण्यांनी करून घ्यावी. स्मृतिलोपाविषयी साधेपणाने विचारावे. वेळ निघून गेलेली कळत नाही असे होते का? आपण केलेल्या गोष्टी इतरांकडून कळतात का? मनात आवाज येतात का? जगणे नकोसे वाटते का? बालपणाविषयी ‘घरी कसे वातावरण होते’ एवढाच उघडा प्रश्न पुरे. रुग्णास सांगावयाचे नसेल तर त्याच्या मौनाचा मान राखावा. हे प्रश्न शक्यतो एकांतात व स्त्री-साहाय्यकाच्या उपस्थितीत विचारावेत. सोबत आलेला नातेवाईक कोण आहे हे आपणांस ठाऊक नसते.

दुसरे, पंचकर्मात संमती प्रत्येक कर्मास, प्रत्येक वेळी घ्यावी. डोळे झाकणे, दार बंद करणे, पालथे निजविणे, कटी व ऊरुप्रदेशी अभ्यंग, बस्ती, उत्तरबस्ती यांपैकी प्रत्येक गोष्ट अशा रुग्णास पूर्वीच्या प्रसंगात परत नेऊ शकते. पुढे काय करणार ते आधी सांगावे. ‘थांबा’ म्हणताच थांबावे. रुग्ण बालवत झाला तर त्याच्याशी खेळू नये, त्याच्यातील ‘कोणास’ बोलावू नये, प्रश्नोत्तरे आरंभू नयेत. आजचा वार, हे ठिकाण, आपण सुरक्षित आहात, एवढेच शांतपणे सांगावे. ही सावधता सर्वच रुग्णांस उपकारक आहे. ज्याने काही सांगितलेले नाही त्यासही.

तिसरे, आपली मर्यादा ओळखावी. या विकाराचा मुख्य उपचार दीर्घकालीन मानसोपचार होय. त्याचे सामान्यतः तीन टप्पे मानले जातात. प्रथम सुरक्षितता व स्थैर्य, मग आघाताच्या स्मृतींशी सावकाश सामना, आणि शेवटी विभक्त अवस्थांचा मेळ व नव्या जीवनाची घडी. पहिला टप्पा पक्का होण्यापूर्वी दुसऱ्यात शिरणे घातक असते. या विकारावर स्वतंत्र असे औषध आधुनिक वैद्यकातही नाही. सोबतच्या विषादावर वा निद्रानाशावर औषधे दिली जातात. सत्त्वावजय हा शब्द आपण अभिमानाने उच्चारतो. परंतु २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोविज्ञान व मानसरोग या विषयातील आयुर्वेद पदव्युत्तरांस मानसिक आरोग्य व्यावसायिक म्हणून मान्यता दिली आहे. आपल्यापैकी बहुतेकांचे तसे शिक्षण झालेले नाही. तेव्हा योग्य ठिकाणी पाठविणे हीच येथे युक्ती. पाठविल्यावर रुग्णास सोडू मात्र नये. निद्रा, अग्नी, दिनचर्या व नियमित भेटीचा आधार ही पहिल्या टप्प्यास मोठी मदत असते आणि ती देण्यास आपण समर्थ आहोत.

चौथे, कायदा. रुग्ण अठरा वर्षांखालील असेल आणि लैंगिक अत्याचाराची माहिती वा आशंका असेल, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांस कळविणे बंधनकारक आहे. न कळविणे हा कलम २१ नुसार दंडनीय गुन्हा आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील वसतिगृहाच्या प्रकरणात एका वैद्यकीय व्यावसायिकावर असाच आरोप होता. त्याच्याविरुद्धची कारवाई उच्च न्यायालयाने रद्द केली होती; सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ती पुन्हा चालू केली व अशी बाब दडविणे गंभीर असल्याचे म्हटले. भूत उतरविण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे यांस महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने बंदी आहे, हेही कुटुंबीयांस समजावून सांगावे. ‘आमच्या भागात असे प्रकार होत नाहीत’ असे कोणास वाटत असेल, तर केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाचा २००७ सालचा अहवाल पाहावा. महाराष्ट्र व गोव्यासह तेरा राज्यांतील १२,४४७ बालकांशी बोलून केलेल्या त्या पाहणीत ५३.२२ टक्के बालकांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाच्या लैंगिक अत्याचाराचा अनुभव सांगितला होता, आणि अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे ओळखीचे वा विश्वासातले होते.

औषधी-विक्रेत्यांस विनंती

आपल्या दुकानातील फळीवर रुग्ण आमच्या आधी येतो, आणि पुष्कळदा आमच्याकडे येतच नाही. ‘डोकं शांत राहील असं काहीतरी द्या’ असे म्हणून वर्षानुवर्षे ब्राह्मी, जटामांसी, शंखपुष्पीच्या बाटल्या नेणारे गिऱ्हाईक आपणांस ठाऊक असते. ही द्रव्ये उत्तम आहेत. परंतु त्यांच्या आड काय दडले आहे ते चिकित्सकाने पाहावयास हवे. सर्पगंधेविषयी विशेष सांगावेसे वाटते. गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली उन्माद व उच्च रक्तदाब यांतील तिचा उपयोग प्रसिद्ध केला, ही आपल्या देशास भूषणावह गोष्ट. परंतु तिच्यातील रिसर्पिन या घटकामुळे विषाद उत्पन्न होऊ वा बळावू शकतो, हेही तितकेच प्रसिद्ध आहे. आत्महत्येचा धोका असणाऱ्या रुग्णास सर्पगंधेच्या गोळ्या वैद्याच्या सल्ल्याविना देणे म्हणजे आगीशी खेळ होय. ‘हिस्टेरिया’ व ‘वेड’ बरे करण्याच्या जाहिरातींस १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याने मनाई आहे. तशी पत्रके फळीवर ठेवू नयेत. त्याऐवजी टेलि-मानस ही शासनाची मोफत सेवा, क्रमांक १४४१६, आणि बालकांसाठीचा क्रमांक १०९८ हे ठळक अक्षरांत दुकानात लावावेत. यास खर्च काहीच नाही.

काही व्यवसायबंधू म्हणतील, ‘तालुक्याच्या गावी मानसोपचारतज्ज्ञ कोठून आणावा? बाहेर तीस रुग्ण बसलेले असताना एकास एवढा वेळ कोठून द्यावा?’ ही अडचण खरी आहे. आम्हीही तीच भोगतो. परंतु दार उघडे ठेवण्यास वेळ लागत नाही. संमती विचारण्यास अर्धे मिनिट पुरते. धुरी व छडी थांबवा, असे घरच्यांस सांगण्यास तज्ज्ञ असावे लागत नाही. ज्या रुग्णाने आयुष्यभर आपले कोणी ऐकत नाही असेच अनुभवले, त्याचे एक वाक्य न तोडता ऐकून घेणे, हीसुद्धा चिकित्सा आहे.

आमच्या त्या रुग्णेस आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचारासाठी पाठविले. सासूबाईंस समजावण्यास तीन बैठका लागल्या. सारे ऐकून झाल्यावर त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे लेकरू घाबरलं होतं, आणि आम्ही त्याला आणखी घाबरवत होतो.” या लेखात आम्हांस जे सांगावयाचे आहे ते त्या माउलीने एका वाक्यात सांगितले. उपचार अजून चालू आहेत. चांगले दिवस असतात, वाईट दिवस असतात. हरवलेले तास पूर्वीपेक्षा कमी झाले आहेत. महिन्यातून एकदा ती आमच्याकडे निद्रा व पचनाच्या औषधासाठी येते.

आपल्या संघटनेने आगामी वार्षिक शिबिरात एक सत्र या विषयासाठी राखून ठेवावे, त्यास एखाद्या अनुभवी मनोविकारतज्ज्ञास पाचारण करावे व पंचकर्म साहाय्यकांसही त्यात सहभागी करून घ्यावे, अशी आमची कार्यकारिणीस नम्र सूचना आहे. वाचकांनी आपापले अनुभव, विशेषतः चुकलेले, रुग्णाची ओळख झाकून या त्रैमासिकाकडे अवश्य कळवावेत. यशाच्या कथा आपण पुष्कळ छापल्या आहेत.